रिव्हिजन बदलली, कळवलं कुणाला?

पुणे–अहिल्यानगर महामार्गाने कोरेगाव भीमा मागे टाकले की सणसवाडी येते. पुढे शिक्रापूरहून चाकणकडे रस्ता फुटतो आणि सरळ शिरूरच्या दिशेने गेले की रांजणगावची एमआयडीसी लागते. चाकणला बजाज, महिंद्रा, फोक्सवॅगनचे कारखाने आणि रांजणगावला फियाट-टाटांचा वाहन प्रकल्प. या दोन टोकांच्या मध्ये असल्यामुळे सणसवाडीतल्या अनेक शेडमध्ये सुट्या भागांचे काम चालते. अशा कारखान्याच्या क्वालिटी विभागात कोणतेही ड्रॉइंग उघडले की कोपऱ्यात एक अक्षर दिसते: रिव्हिजन ए, बी किंवा सी. त्याच कागदावर बदलांचा छोटा तक्ताही असतो. कोणत्या रिव्हिजनला काय बदलले, कोणत्या तारखेला, मंजुरी कोणाची, हे त्यात लिहिलेले असते.

या अक्षरामागे बरीच शिस्त आहे. ड्रॉइंगमधल्या बदलांविषयीच्या अमेरिकी मानकात आय, ओ, क्यू, एस, एक्स आणि झेड ही अक्षरे रिव्हिजनसाठी वापरतच नाहीत. घाईत वाचताना आयचा एक आणि ओचा शून्य होतो, म्हणून. रिव्हिजन सीची डी झाली की ईसीएन, म्हणजे इंजिनिअरिंग चेंज नोट, निघते. लाइनवरच्या जुन्या प्रती गोळा होतात, गेज आणि कंट्रोल प्लॅन तपासले जातात, कोणत्या बॅचपासून नवा भाग जाणार ते ठरते आणि ग्राहकाला कळवले जाते. वाहन उद्योगात नवा किंवा बदललेला भाग मंजूर करून घेण्याची पीपॅप नावाची पद्धत आहे. तिच्या १८ बाबींपैकी एक बाब केवळ मंजूर बदलांच्या कागदपत्रांची आहे.

या शिस्तीच्या मुळाशी एक जुना नियम आहे. भागाचा आकार, त्याची बसणी आणि त्याचे काम यांत असा फरक पडला की नवा भाग जुन्याच्या जागी बसणार नाही, तर पार्ट नंबरच बदलायचा. बसत असेल तर नंबर तोच ठेवून फक्त रिव्हिजन वाढवायची.

याच कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या छोट्या टीम पुण्यात पुष्कळ आहेत. गेजचे वाचन संगणकात घेणे, भागावर क्यूआर लेबल छापणे, ग्राहकाला हवा तसा अहवाल काढणे, असे त्यांचे काम. गंमत म्हणजे जिथे प्रत्येक बुशिंगची रिव्हिजन तोंडपाठ असते, तिथेच चालणाऱ्या प्रोग्रॅमची आवृत्ती विचारली तर ‘मागच्या महिन्यात टाकलेली’ एवढेच उत्तर मिळू शकते. प्रोग्रॅम एकसंध असेल तर हे निभावून जाते. तो पाच-सात पॅकेजेसचा झाला आणि सगळी एकाच रिपॉझिटरीत राहू लागली की निभत नाही. हा लेख अशा टीमसाठी आहे.

एका रिपॉझिटरीत अनेक पॅकेजेस ठेवण्याला प्रोग्रॅमर मोनोरेपो म्हणतात. त्याचा फायदा खरा आहे. सामाईक पॅकेजमधला बदल आणि त्यामुळे इतर चार पॅकेजेसमध्ये करावे लागणारे बदल एकाच पुल रिक्वेस्टमध्ये जातात, एकत्र तपासले जातात आणि एकत्र मर्ज होतात. अडचण येते ती नंतर. कोड एकत्र बदलला, पण पॅकेजेस बाहेर पडतात वेगवेगळी. कुणी फक्त लेबलचे पॅकेज घेतो, कुणी फक्त अहवालाचे. त्यांना काय सांगायचे, कोणत्या आकड्याने सांगायचे आणि कधी सांगायचे, हे आधी ठरवावे लागते.

आकड्याची भाषा बहुतेकांना माहीत आहे. गिटहबच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी सिमँटिक व्हर्जनिंगचे नियम लिहिले; सध्या चालणारी त्यांची २.०.० ही आवृत्ती २०१३ची. पहिला आकडा वाढला म्हणजे जुना वापर मोडला. दुसरा वाढला म्हणजे भर पडली, पण जुने चालू आहे. तिसरा वाढला म्हणजे फक्त दुरुस्ती. सणसवाडीच्या क्वालिटी इंजिनिअरला हे पाच मिनिटांत समजेल, कारण पहिला आकडा म्हणजे बसणीचा प्रश्न. गो भाषेने तर पार्ट नंबरचा नियम जवळजवळ जसाच्या तसा उचलला आहे. तिथे मॉड्यूलची दुसरी किंवा त्यापुढची मोठी आवृत्ती काढायची असेल तर मॉड्यूलच्या मार्गाच्या शेवटी ‘व्ही२’, ‘व्ही३’ असे जोडावे लागते. म्हणजे नावच बदलते, आणि जुना व नवा असे दोन्ही भाग एकाच प्रोग्रॅममध्ये शेजारी शेजारी राहू शकतात.

इथे एक चूक फार सर्रास होते: आकडा कामाच्या कष्टावरून ठरवण्याची. तीन आठवडे खपून आतली सगळी मांडणी बदलली, म्हणून पहिला आकडा वाढवला जातो. वापरणाऱ्याच्या बाजूने काहीच हलले नसेल तर ती फक्त दुरुस्तीची आवृत्ती आहे. उलट एका ओळीत एका रकान्याचे नाव बदलले आणि त्यामुळे दुसऱ्याचा प्रोग्रॅम थांबला, तर तो मोठा बदल आहे. आकडा घेणाऱ्यासाठी असतो.

सगळ्या पॅकेजेसना एकच आकडा द्यायचा की प्रत्येकाला स्वतंत्र, हा मोनोरेपोतला पहिला मोठा निर्णय. जावास्क्रिप्टच्या जगात बेबेल प्रकल्पातून निघालेल्या लर्ना या साधनाने या दोन पद्धतींना रूढ नावे दिली: फिक्स्ड आणि इंडिपेंडंट. बेबेलची मुख्य पॅकेजेस एकाच आकड्याने चालतात. एकात मोठा बदल झाला की साऱ्यांचा पहिला आकडा पुढे सरकतो, मग उरलेल्यांत काही बदललेले असो वा नसो. शुद्धतेच्या दृष्टीने हे खटकते. पण वापरणाऱ्याला एकच गोष्ट लक्षात ठेवावी लागते, आणि कोणते पॅकेज कोणाबरोबर चालते हे विचारायला फोन करावा लागत नाही.

आकडे एकदा विस्कटले की काय होते ते अँग्युलरने दाखवले. गूगलच्या या फ्रेमवर्कची दुसरी आवृत्ती २०१६मध्ये आली. तिची इतर मुख्य पॅकेजेस दोनवर होती आणि राउटरचे पॅकेज मात्र तीनवर पोहोचले होते. पुढची मोठी आवृत्ती काढताना सगळ्यांना एका रांगेत आणायचे होते. म्हणून तीन हा आकडा सोडून मार्च २०१७मध्ये थेट चौथी आवृत्ती काढली गेली. ‘तीन कुठे गेली?’ या प्रश्नाला त्यांना जाहीर उत्तर द्यावे लागले. एवढ्या मोठ्या टीमला हे परवडते. ग्राहकाच्या प्लांटमध्ये उभ्या असलेल्या दोन माणसांना परवडत नाही.

तिसरी, मधली वाट महाराष्ट्रातच तयार झालेल्या एका प्रकल्पात दिसते. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे ईआरपीनेक्स्ट हे मुक्त सॉफ्टवेअर २००८पासून आहे. ऋषभ मेहता त्याचे संस्थापक. हिशेब, साठा, उत्पादन, खरेदी-विक्री असा लहान-मध्यम उद्योगांचा सारा पसारा त्यात मावतो. त्याच्या तळाशी फ्रॅपे फ्रेमवर्क हे वेगळे अ‍ॅप आहे. ही दोन्ही वेगळ्या रिपॉझिटरीत राहतात, तरी प्रश्न तोच: एकमेकांवर उभी असलेली अनेक अ‍ॅप्स आणि एकच ग्राहक. तिथे पहिला आकडा जुळवून ठेवतात. फ्रेमवर्क १५ असेल तर ईआरपीनेक्स्टही १५. दुसरा आणि तिसरा आकडा मात्र प्रत्येकाचा आपापला. शिवाय कोणत्या फ्रेमवर्कवर आपण चालतो ते अ‍ॅपच्या स्वतःच्या फाइलमध्ये मर्यादेसह लिहिलेले असते, साधारण असे: १५च्या अमुक आवृत्तीपासून पुढे, पण १६च्या आत. ही मर्यादा यंत्राला वाचता येते. त्यामुळे चुकीची जोडी बसवताना इन्स्टॉलेशनच्या वेळीच खटका उडतो, महिनाअखेरीला हिशेब काढताना नाही.

याच प्रकल्पाच्या १४व्या आवृत्तीत, २०२२मध्ये, मनुष्यबळ आणि पगाराचा भाग ईआरपीनेक्स्टमधून काढून वेगळे अ‍ॅप केले गेले. आरोग्य, शिक्षण अशी क्षेत्रेही वेगळी झाली. भारतातल्या जीएसटीची जबाबदारी इंडिया कंप्लायन्स या स्वतंत्र अ‍ॅपकडे गेली. आतून पाहिले तर ही साफसफाई. पण १३वरून १४वर येणाऱ्या कारखान्यासाठी तिचा अर्थ वेगळा: आवृत्ती बदलली आणि पगारपत्रक हवे असेल तर आणखी एक अ‍ॅप बसवावे लागेल. पॅकेज फोडणे, दोन पॅकेजेस एकत्र करणे, पॅकेजचे नाव बदलणे या गोष्टी कोडमध्ये कितीही सोप्या असल्या तरी घेणाऱ्यासाठी त्या मोठ्या आवृत्तीच्याच योग्यतेच्या असतात. चेंजलॉगमध्ये त्यांची नोंद सर्वांत वर हवी.

दहाच्या आतली टीम, एकच उत्पादन आणि सगळी पॅकेजेस त्याच उत्पादनात जाणारी, अशी स्थिती असेल तर एकच आकडा ठेवावा. त्यात लाजण्यासारखे काही नाही. पॅकेजेस बाहेरचे लोक सुटी सुटी वापरत असतील तरच स्वतंत्र आकड्यांचा खटाटोप करावा. आणि ‘पुढे कधी तरी वापरतील’ हे कारण धरू नये.

स्वतंत्र आकडे ठेवले की खरी कसोटी लागते ती साखळीची. उदाहरणासाठी एक साधा मोनोरेपो घेऊ. त्यात चार पॅकेजेस आहेत: गेजचे वाचन घेणारे ‘वाचन’, क्यूआर छापणारे ‘लेबल’, ग्राहकाला पाठवायचे तक्ते काढणारे ‘अहवाल’, आणि भागाच्या नोंदीचा साचा ठरवणारे ‘सामाईक’. पहिली तिन्ही ‘सामाईक’वर अवलंबून आहेत. पोलाद कोणत्या वितळणीतले ते सांगणाऱ्या हीट नंबरसाठी साच्यात आकडा धरला होता. मग एका पुरवठादाराच्या हीट नंबरमध्ये अक्षरे आली. म्हणून ‘सामाईक’मध्ये तो रकाना आकड्याऐवजी मजकुराचा केला. ‘सामाईक’ २.६.१ होते, साचा बदलला, तेव्हा ते ३.०.० झाले. इथवर वाद नाही.

आता उरलेल्या तिघांचे काय? ‘तळ बदलला, म्हणून सगळ्यांचा पहिला आकडा वाढवा’ असे काही जण म्हणतात. ‘त्यांनी काही केले नाही, म्हणून सगळ्यांची फक्त दुरुस्ती’ असे दुसरे म्हणतात. दोन्ही उत्तरे न बघता दिलेली आहेत. प्रत्येक पॅकेजला वेगळा प्रश्न विचारावा: तळातला बदल तुझ्या दारातून बाहेर दिसतो का? ‘वाचन’ हीट नंबरला हातच लावत नाही. ते फक्त नव्या ‘सामाईक’वर उभे राहते. त्याला तिसरा आकडा पुरे. ‘लेबल’ हीट नंबर घेते, पण छापण्यापूर्वी आधीपासूनच त्याचा मजकूर करते. आकडा दिला तरी चालतो, मजकूर दिला तरी चालतो. जुने काही मोडले नाही आणि नवी सोय मिळाली, म्हणून दुसरा आकडा. ‘अहवाल’ मात्र हीट नंबर तसाच बाहेर देते, आणि ग्राहकाची प्रणाली तो आकडा म्हणून वाचते. तिथे बसणी मोडली. ‘अहवाल’चाही पहिला आकडा वाढलाच पाहिजे.

या प्रश्नाचे उत्तर साधन देऊ शकत नाही. अवलंबून असलेल्या पॅकेजचा तिसरा आकडा ते आपोआप वाढवेल. ‘अहवाल’च्या दाराबाहेर काय दिसते हे त्याला कळत नाही. ते कळते बदल करणाऱ्याला, आणि तेही बदल करताना. रिलीजच्या दिवशी, दीडशे कमिटची यादी समोर ठेवून, कुणालाही ते नीट आठवत नाही. म्हणून निर्णयाची वेळ पुढे आणावी: ज्या पुल रिक्वेस्टमध्ये कोड बदलला, त्याच पुल रिक्वेस्टमध्ये कोणत्या पॅकेजचा कोणता आकडा वाढणार आणि घेणाऱ्याला काय सांगायचे, हे लिहून टाकावे.

हे लिहिण्याच्या दोन रूढ पद्धती आहेत. पहिली कन्व्हेन्शनल कमिट्सची. कमिटच्या शीर्षकाची सुरुवात ‘फिक्स’ असेल तर दुरुस्ती, ‘फीट’ असेल तर भर, आणि मोडणाऱ्या बदलासाठी उद्गारचिन्ह किंवा खाली वेगळी ओळ. ही शीर्षके वाचून गूगलचे रिलीज-प्लीज किंवा सिमँटिक-रिलीज ही साधने आकडा काढतात आणि चेंजलॉगही बनवतात. दुसरी पद्धत चेंजसेट्सची, मूळची अ‍ॅटलासियन कंपनीतली. इथे प्रत्येक बदलासोबत एक छोटी मजकूर-फाइल जोडतात. वर पॅकेजची नावे आणि प्रत्येकासमोर मोठा, मधला की छोटा बदल. खाली दोन-चार वाक्यांचा खुलासा. रिलीजच्या वेळी साधन या चिठ्ठ्या गोळा करते, एका पॅकेजवर अनेक चिठ्ठ्या असतील तर सर्वांत मोठा बदल धरते, खुलासे त्या त्या पॅकेजच्या चेंजलॉगमध्ये उतरवते आणि चिठ्ठ्या पुसते.

अनेक पॅकेजेसच्या रिपॉझिटरीत दुसरी पद्धत उजवी ठरते. पहिल्या पद्धतीत साधन कमिटने कोणत्या फोल्डरला हात लावला ते पाहते. हीट नंबरच्या एकाच कमिटने चारही फोल्डर हलले, तर चौघांच्या चेंजलॉगमध्ये तीच ओळ आणि तेच उद्गारचिन्ह जाते. ‘वाचन’चाही पहिला आकडा वाढतो. कमिट वेगवेगळे केले तर हे टळते, पण मग एका बदलाचे चार तुकडे होतात आणि मोनोरेपोचा फायदाच निसटतो. चेंजसेटमध्ये प्रत्येक पॅकेजचा आकडा वेगळा लिहिता येतो, आणि खुलासाही वेगळा हवा असेल तर दोन चिठ्ठ्या जोडता येतात. शिवाय त्या चिठ्ठीची तपासणी होते. पुल रिक्वेस्ट पाहणारा सहकारी ‘हा बदल छोटा नाही, अहवाल मोडेल’ असे तिथेच म्हणू शकतो.

आकडा यंत्राने काढावा, पण चेंजलॉगची वाक्ये माणसाने लिहावीत. कमिटचा मजकूर सहकाऱ्यासाठी असतो, चेंजलॉग घेणाऱ्यासाठी. ऑलिव्हिए लाकां यांच्या ‘कीप अ चेंजलॉग’ या संकेताने नोंदींचे सहा गट सुचवले आहेत: नवी भर, बदललेले, लवकरच जाणारे, काढून टाकलेले, दुरुस्त केलेले, आणि सुरक्षेचे. वरच्या बाजूला ‘अजून न सोडलेले’ असा मोकळा भाग ठेवावा, नवी आवृत्ती सर्वांत वर, तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने. सहाही गट प्रत्येक वेळी भरावेत असे नाही. पण ‘लवकरच जाणारे’ हा गट विसरू नये, कारण मोठ्या आवृत्तीचा धक्का त्यानेच कमी होतो. ‘अहवाल’चा पुढचा मोठा बदल येण्याआधी एका आवृत्तीत जुना आणि नवा असे दोन्ही रकाने द्यावेत, आणि जुना कोणत्या आवृत्तीत जाणार ते लिहावे. ग्राहकाच्या आयटी विभागाला तेवढ्या अवधीत आपला प्रोग्रॅम बदलता येतो.

‘काही बग दुरुस्त केले, कामगिरी सुधारली’ अशी नोंद नसल्यात जमा. उपयोगी नोंद अशी असते: ‘हीट नंबरमध्ये आता अक्षरेही चालतात. अहवालाच्या फाइलमध्ये हा रकाना यापुढे मजकूर म्हणून येईल. आकडा समजून वाचणाऱ्या प्रणालीत बदल करावा लागेल, नाहीतर तिचे वाचन मोडेल. जुन्या नोंदी आपोआप रूपांतरित होतात. अद्ययावत करण्यापूर्वी डेटाबेसचा बॅकअप घ्यावा.’ काय बदलले, कुणाला लागू, त्याने काय करायचे, काही केले नाही तर काय होईल, हे या पाच वाक्यांत येते. चौथी गोष्ट लिहायला सुचत नसेल तर बदल करणाऱ्यालाच तो पुरता कळलेला नाही असे खुशाल समजावे.

डेटाबेसचा उल्लेख आला तेव्हा फ्रॅपेची आणखी एक पद्धत सांगण्याजोगी आहे. तिथे प्रत्येक अ‍ॅपमध्ये पॅचेस नावाची एक यादी असते. डेटा जुन्या साच्यातून नव्यात नेणारे प्रोग्रॅम त्या यादीत क्रमाने लिहिलेले असतात. साइट अद्ययावत करताना यादीतला जो पॅच आधी चाललेला नाही तोच चालतो, आणि चालला की साइटच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये नोंद होते. म्हणून तीन आवृत्त्या मागे राहिलेली साइट आणि कालच अद्ययावत झालेली साइट एकाच आज्ञेने आजच्या जागी पोहोचू शकतात. चेंजलॉग माणसाला जे सांगतो, तेच ही यादी यंत्राला सांगते. डेटा साठवणाऱ्या प्रत्येक उत्पादनात अशी यादी हवी, आणि चेंजलॉगमधल्या मोठ्या नोंदीसमोर संबंधित पॅचचे नावही लिहावे.

प्लांटमधल्या सुपरवायझरला ‘सामाईक ३.०.०, लेबल १.९.०’ यात रस नसतो, आणि नसावाही. त्याच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात एकच आकडा हवा. पॅकेजेसचे आकडे स्वतंत्र असतील तर उत्पादनाला वेगळा, शक्यतो तारखेचा आकडा द्यावा. उबुंटूचे २४.०४ म्हणजे एप्रिल २०२४, हे कुणालाही वाचता येते. प्रत्येक उत्पादन-आवृत्तीसोबत तिच्यात कोणत्या पॅकेजची कोणती आवृत्ती आहे याची यादी जोडावी. कारखान्यात तिला बिल ऑफ मटेरियल म्हणतात. सॉफ्टवेअरमध्येही आता तेच नाव रुळते आहे. देशाच्या सायबर सुरक्षेची जबाबदारी असलेल्या सर्ट-इनने २०२४मध्ये अशा यादीविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यामागचे कारण डिसेंबर २०२१मध्ये जगाने पाहिले आहे. लॉगफोरजे या जावाच्या लहानशा घटकात गंभीर भोक सापडले. २.१५.० ही दुरुस्ती आली, ती अपुरी ठरली, मग २.१६.०, मग २.१७.०, आणि महिना संपण्याआधी २.१७.१. ज्यांच्याकडे यादी होती त्यांना कुठे काय बदलायचे ते लगेच दिसत होते. बाकीच्यांना आधी तो घटक आपल्याकडे आहे तरी कुठे, हे शोधावे लागले.

दुसरी नोंदवही ग्राहकांची: कोणत्या प्लांटमध्ये, कोणत्या संगणकावर, कोणत्या तारखेला कोणती आवृत्ती बसवली. सणसवाडीसारख्या ठिकाणी लाइनवरचे संगणक बऱ्याचदा इंटरनेटपासून मुद्दाम दूर ठेवलेले असतात आणि अद्ययावत करणे पेनड्राइव्हने होते. तिथे ही वही कुणी आपोआप भरणार नाही. बसवून आलेल्या माणसाने त्याच दिवशी भरावी, आणि स्क्रीनवरच्या आकड्याचा फोटो सोबत ठेवावा.

पेनड्राइव्हवरून आणखी एक सवय आठवते, ती मोडायलाच हवी. ग्राहकाकडे ४.२.० बसवली, संध्याकाळी चूक सापडली, दुरुस्त केली आणि पुन्हा ४.२.० याच नावाने दिली. दुसऱ्या दिवसापासून जगात दोन ४.२.० आहेत. सिमँटिक व्हर्जनिंगचा नियम स्पष्ट आहे: एकदा सोडलेल्या आवृत्तीतले काहीही बदलायचे नाही, दुरुस्ती म्हणजे ४.२.१. जावास्क्रिप्ट पॅकेजेसच्या एनपीएम या भांडारावर एकदा वापरलेले नाव आणि आकडा, ती आवृत्ती काढून टाकली तरी, पुन्हा वापरता येत नाही. सोडलेली आवृत्ती गायब करणेही तितकेच वाईट. मार्च २०१६मध्ये लेफ्ट-पॅड हे ११ ओळींचे पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएमवरून काढून घेतले आणि बेबेलसकट असंख्य प्रकल्पांची बिल्ड थांबली. त्यानंतर एनपीएमने पॅकेज काढण्याचे नियम कडक केले. बिघडलेली आवृत्ती तिथेच ठेवून तिच्यावर ‘वापरू नये’ असा शिक्का मारण्याची सोय आज बहुतेक ठिकाणी आहे: एनपीएमवर डेप्रिकेट, पायथनच्या आणि रस्टच्या भांडारांत यँक, गोमध्ये रिट्रॅक्ट. चेंजलॉगमध्येही त्या आवृत्तीची नोंद पुसू नये. तिच्यासमोर मागे घेतल्याचे कारण लिहावे.

चाचणीसाठी द्यायची आवृत्ती वेगळ्या नावानेच द्यावी: ४.३.०-आरसी.१. नियमांनुसार ती ४.३.०च्या आधीची धरली जाते, त्यामुळे पक्की आवृत्ती आली की तिला आपोआप मागे टाकते. शून्याने सुरू होणारे आकडे मात्र सुरुवातीच्या प्रयोगांपुरते ठेवावेत. ०.४ असताना काहीही बदलू शकते असे नियमच सांगतो, आणि एनपीएमचे कॅरेट चिन्हही ०.४वरून ०.५वर आपोआप जाऊ देत नाही. ग्राहकाच्या लाइनवर रोज चालणाऱ्या पॅकेजला १.० हा आकडा केव्हाच मिळायला हवा होता.

मोनोरेपोत पॅकेजेस एकमेकांना स्थानिक फोल्डरमधूनच सापडतात, म्हणून त्यांच्यातल्या मर्यादा लिहिण्याकडे दुर्लक्ष होते. टीमच्या संगणकावर सगळे चालते, बाहेर गेले की मोडते. पीएनपीएम आणि यार्नमध्ये ‘वर्कस्पेस’ असे लिहिले की प्रकाशनाच्या वेळी तिथे खरा आकडा भरला जातो. ती सोय वापरावी. आणि प्रकाशनाआधी प्रत्येक पॅकेज एकदा मोनोरेपोच्या बाहेर, कोऱ्या फोल्डरमध्ये बसवून पाहण्याची पायरी सीआयमध्ये घालावी. टॅगवरही पॅकेजचे नाव असू द्यावे, कारण नुसत्या ‘व्ही१.९.०’वरून तो लेबलचा की अहवालाचा ते कळत नाही. गोमध्ये तर उपफोल्डरमधल्या मॉड्यूलच्या टॅगला फोल्डरचे नाव लावणे बंधनकारकच आहे.

आणि ज्यांच्याकडे आज यातले काहीच नाही, त्यांनी जुना इतिहास उकरत बसू नये. आज ग्राहकांकडे जे चालू आहे त्या कोडवर टॅग लावावा. प्रत्येक पॅकेजमध्ये चेंजलॉगची फाइल तयार करावी आणि तिच्यात एकच ओळ लिहावी: ‘याआधीच्या बदलांसाठी कमिटचा इतिहास पाहावा.’ पुढच्या पुल रिक्वेस्टपासून चिठ्ठीशिवाय मर्ज होऊ नये अशी तपासणी सीआयमध्ये बसवावी. कागदपत्रांपुरत्या बदलांसाठी चेंजसेट्समध्ये रिकामी चिठ्ठी जोडता येते. ग्राहकांची वही मात्र त्याच आठवड्यात, फोन करून, जमेल तेवढी भरून घ्यावी.